ब्रश कटरचा प्लग वारंवार काळा आणि ओला होतो: गरम प्लग घालावा का?

प्रश्न: बागायतदार, लांजा

नमस्कार. आमची लांजा तालुक्यात काजूची आणि हापूसची बाग आहे. पावसाळ्याच्या अखेरीस बेणणीसाठी आम्ही ५२ सीसीचे टू-स्ट्रोक ब्रश कटर वापरतो. यंदा त्याचा स्पार्क प्लग फार लवकर निकामी होऊ लागला आहे. मशीन सकाळी पहिल्या दोन-तीन ओढीत सुरू होते, तासाभराने मिस मारू लागते आणि एकदा बंद पडले की कितीही दोरी ओढली तरी धरत नाही. प्लग काढून पाहिला की टोक काळेकुट्ट आणि ओलसर असते. मधल्या इलेक्ट्रोडपासून वरच्या वाकड्या पट्टीपर्यंत काजळीचा केसाएवढा धागा जोडला गेल्याचेही दिसले आहे. तो नखाने उडवला की मशीन पुन्हा चालते, पण फार वेळ नाही.

प्लग एनजीकेचा बीपीएमआर७ए आहे आणि माहितीपुस्तिकेतही तोच क्रमांक दिला आहे. मिश्रण पुस्तिकेप्रमाणे २५:१, म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिलि तेल. तेल मालवणहून येते. तिथल्या नातेवाइकांच्या होडीला आउटबोर्ड इंजिन आहे, त्यासाठी घेतलेल्या तेलातलेच ते आम्हाला देतात आणि त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले आहे. मशीन चालवणारा गडी कलमांच्या बुंध्याजवळ साल दुखावू नये म्हणून बराच वेळ अर्ध्या रेसवर काम करतो, हेही सांगून ठेवतो.

बाजारात मला तीन निरनिराळे सल्ले मिळाले. एकाने ७ ऐवजी ६ क्रमांकाचा गरम प्लग घालायला सांगितले, दुसऱ्याने तेल निम्मे करायला सांगितले, आणि तिसऱ्याने जुन्या स्कूटरचा बी७एचएस हातात देऊन, आटे तेच असल्यामुळे तो बसेल, असे सांगितले. तो अजून बसवलेला नाही. यांपैकी काय करावे, आणि प्लग पाहून आतले नेमके काय ओळखता येते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १: इंजिनदुरुस्ती, इचलकरंजी

तिन्हीपैकी एकही सल्ला तूर्त अमलात आणू नका, आणि स्कूटरचा प्लग तर अजिबात बसवू नका. त्याचे आटे १४ मिमी व्यासाचेच असल्यामुळे तो निमूट आत जातो, आणि धोका तिथेच आहे. बीपीएमआर७एच्या आट्यांची लांबी साधारण ९.५ मिमी असते, बी७एचएसची १२.७ मिमी आणि बी७ईएससारख्या प्लगची १९ मिमी. लांब प्लग घातला की त्याचे शेवटचे आटे ज्वलनकक्षात उघडे राहतात. ते तापून लाल होतात, त्यांच्यात काजळी भरते, आणि प्लग काढताना ती काजळी हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) ॲल्युमिनियमच्या आट्यांना खरवडून बाहेर येते. लहान इंजिनात पिस्टन वर आल्यावर प्लगच्या टोकाला मोकळी जागा फारच थोडी उरते, त्यामुळे जास्तीच्या तीन मिलिमीटरने पिस्टन थेट पट्टीवर आदळू शकतो.

आता गरम आणि थंड प्लगविषयी. गरम प्लग इंजिन तापवत नाही आणि थंड प्लग इंजिन थंड करत नाही, हे आधी पक्के करून घ्यावे. फरक एवढाच की मधले पोर्सेलीनचे नाक स्वतःला लागलेली उष्णता धातूच्या कवचाला आणि पुढे हेडला किती लवकर देते. नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता काटावा लागतो आणि टोक तापलेले राहते; तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते. तो थंड प्लग. टोकाचे तापमान सुमारे ४५० अंशांच्या वर गेले की त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते, आणि ते साधारण ८५० अंशांच्या पुढे गेले की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते. या दोन मर्यादांच्या मध्ये टोक राहावे म्हणून कंपनी क्रमांक ठरवून देते, आणि तो ठरवताना मशीन पूर्ण रेसवर, पूर्ण भाराखाली चालेल असे गृहीत धरलेले असते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. मिनिटाला ७,५०० फेऱ्या धरल्या तरी सेकंदाला १२५ ठिणग्या होतात, आणि फोर-स्ट्रोकच्या प्लगला मिळणारी अध्येमध्ये निवण्याची फेरी या प्लगला मिळतच नाही. म्हणून इथे गरम बाजूला सरकताना जास्त जपावे लागते. तुमचा गडी अर्ध्या रेसवर असताना ६ क्रमांक बरा वाटेल, पण तोच गडी उद्या बांधावरच्या दाट झुडपात शिरून दहा मिनिटे पूर्ण रेसने कापू लागला, तर टोक वरची मर्यादा ओलांडू शकते, आणि मग बिघडेल तो प्लग नव्हे, पिस्टन.

मूळ गोष्ट ही आहे की प्लगवर दोन वेगळ्या बाबी वेगळ्या ठिकाणी दिसतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. मिश्रणात पेट्रोल जास्त आहे की हवा, हे पोर्सेलीनच्या नाकावर आणि विशेषतः त्याच्या मुळाशी दिसते. प्लगचा क्रमांक बरोबर आहे की नाही, हे वाकड्या पट्टीवर आणि आट्यांवर दिसते. नाक काळे दिसले म्हणून लगेच क्रमांक बदलणे म्हणजे ताप कुठून आला हे न पाहता थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

तुमच्या प्लगवरचा ओलावा पेट्रोलचा आहे की तेलाचा, हे आधी पाहा. प्लग काढल्याबरोबर त्याचे टोक कोऱ्या कागदावर टेकवा. पेट्रोलचा डाग थोड्या वेळात उडून जातो, तेलाचा डाग राहतो आणि कागद उजेडाकडे धरला की तिथे पारदर्शक दिसतो. डाग पेट्रोलचा असेल तर संशय चोक अर्धवट राहण्यावर, एअर फिल्टर तुंबण्यावर किंवा कार्बोरेटरमधल्या सुईच्या गळतीवर घ्यावा. डाग तेलाचा असेल तर कामाची पद्धत, तेलाचा प्रकार आणि सायलेन्सर तपासावा. अर्ध्या रेसवर टोक ४५० अंशांपर्यंत पोहोचत नाही, तेल न जळता नाकावर बसते, आणि भिजलेली काजळी वीज वाहून नेत असल्यामुळे ठिणगी इलेक्ट्रोड आणि पट्टी यांच्यामधल्या फटीत, म्हणजे गॅपमध्ये, पडण्याऐवजी नाकावरून घसरत कवचात उतरते. तुम्हाला दिसलेला धागा हा त्याच काजळीचा आहे.

तेलाबद्दल मात्र ठामपणे सांगतो. टीसी-डब्ल्यू३ हे पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनांचे तेल आहे. त्या इंजिनाचा सिलिंडर ब्रश कटरच्या सिलिंडरइतका तापत नाही, आणि म्हणून तेलातली स्वच्छता राखणारी द्रव्येही राखविरहित आणि कमी तापमानाला साजेशी असतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हे तेल पिस्टनवरच्या रिंगांच्या खोबणीत चिकट थर धरते. होडीसाठी ते उत्तमच आहे, ब्रश कटरसाठी नाही. डब्यावर जेएएसओ या जपानी मानकाची एफसी किंवा एफडी प्रत असे लिहिलेले टू-टी तेल घ्या. एफसीत धूर कमी असतो आणि एफडीत त्याशिवाय इंजिन आतून स्वच्छ राखण्याची क्षमता जास्त असते.

तेल निम्मे करण्याचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, मोजून जाते ते पेट्रोल आणि तेलाचे एकत्र मिश्रण. त्यातले तेल कमी केले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण किंचित अधिक समृद्ध होते. काजळी पेट्रोलाची असेल तर ती कमी होणार नाही, आणि क्रँकच्या बेअरिंगला मिळणारे वंगण मात्र खरोखर निम्मे होईल. पुस्तिकेत २५:१ आहे तर ४० मिलिच ठेवा.

प्लग वाचण्याची पद्धत अशी. नवा प्लग लावा, कारण जुन्या प्लगवर मागच्या सगळ्या दिवसांचे थर एकावर एक बसलेले असतात आणि त्यातून आजचे काही कळत नाही. मशीन चांगले तापल्यावर दाट गवतात पूर्ण रेसने काही मिनिटे खरे काम करा, आणि रेस न सोडता थेट स्टॉपचे बटण दाबा. रेस सोडून मशीन आयडलिंगवर आले तर त्या थोड्या वेळातही नाकावर नवी काजळी बसते आणि सगळी चाचणी वाया जाते. मग मशीन थोडे निवू द्या, कारण तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग ओढला तर आटे सोबत येतात, आणि नंतर भिंग घेऊन उन्हात प्लग नीट पाहा.

उत्तर २: सुट्या भागांचे दुकान, सांगली

वरच्या उत्तरात मी क्रमांकांपुरती भर घालतो, कारण काउंटरवर सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे नेमके उलटे आहे. तिथे मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. तुमच्या बीपीएमआर७एच्या जोडीचा बॉशचा प्लग डब्ल्यूएसआर६एफ आहे आणि चॅम्पियनचा आरसीजे६वाय. म्हणजे एकाच कामाच्या तीन प्लगांवर एकदा ७ आणि दोनदा ६ लिहिलेले आहे. कोणी नुसते ‘सहा नंबरचा द्या’ म्हणाले तर दुकानदाराने आधी कंपनी विचारली पाहिजे.

ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांना आणखी एक अडचण येते. आजची बॉश लिमिटेड २००८ पर्यंत मोटर इंडस्ट्रीज कंपनी होती आणि तिचे प्लग ‘मायको’ म्हणूनच ओळखले जात. जुने मिस्त्री आजही कोणत्याही प्लगला मायको म्हणतात. त्या काळच्या डब्ल्यू१७५, डब्ल्यू२२५ अशा क्रमांकांत मोठा आकडा थंड प्लगचा होता, आणि पुढे एकअंकी पद्धत आली तेव्हा दिशा उलटली. जुन्या पुस्तिकेतला क्रमांक तसाच्या तसा नव्या प्लगवर शोधू नये, तक्त्यावरून जोड काढून घ्यावी.

अक्षरांचेही तसेच आहे. बीपीएमआर७ए यातला बी म्हणजे १४ मिमीचे आटे, पी म्हणजे कवचाच्या बाहेर आलेले नाक, एम म्हणजे आखूड बांध्याचा प्लग, आर म्हणजे आत बसवलेला रेझिस्टर, आणि शेवटचा ए आट्यांची लांबी सांगतो. आर नसलेला प्लग स्वस्त मिळाला तरी पुस्तिकेत आर असेल तर आरच घ्यावा, कारण इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॉइलला ठिणगीतून उठणाऱ्या विद्युत गोंगाटाचा त्रास होऊ शकतो. ब्रश कटर आणि चेनसॉच्या काही मॉडेलांत १० मिमी आट्यांचा सीएमआर६एच लागतो, तो या भोकात नुसता डळमळेल. बाजारात ब्रश कटरची फोर-स्ट्रोक मॉडेलेही पुष्कळ आहेत, म्हणून प्लग मागताना नुसते ‘ग्रास कटरचा’ न म्हणता जुना प्लग सोबत आणावा, ही माझी सर्वांना विनंती आहे.

प्रश्नकर्ता: बागायतदार, लांजा

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे कागदावर टोक टेकवले. डाग तेलाचा निघाला आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. सायलेन्सर उघडला तर बाहेर पडण्याच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते तिची निम्म्याहून अधिक छिद्रे डांबरासारख्या थराने बुजलेली होती. ती जाळी साफ केली, एअर फिल्टरचा स्पंज धुऊन वाळवला, एफडी प्रतीचे तेल आणून ताजे मिश्रण केले आणि नवा बीपीएमआर७ए लावून चाचणी घेतली.

आता नाकाचे टोक फिकट बदामी आहे. खाली, जिथे पोर्सेलीन कवचात दिसेनासे होते, तिथे भिंगातून पाहिल्यावर काजळीचे एक अरुंद वर्तुळ दिसते. पट्टीवर टोकाकडून रंग राखाडी आहे आणि वाकाच्या थोडे पुढे तो बदलून गडद होतो. कडेकडून मोजले तर पहिले दोन आटे काळवंडलेले आहेत. हे सर्व ठीक समजावे का?

याच निमित्ताने घरातल्या पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाचाही प्लग काढून पाहिला. तो याउलट पांढराफटक आहे, अगदी खडूसारखा, आणि नाकावर मिऱ्याच्या कणांसारखे बारीक ठिपके आहेत. पंप उत्तम चालतो, फक्त आयडलिंगला रेस आपोआप वाढते आणि बंद करायला घेतले तर पटकन थांबत नाही. पेट्रोल दोन्हींना एकाच कॅनमधले आहे. इथे थंड प्लग घालावा का?

उत्तर ३: इंजिनदुरुस्ती, इचलकरंजी

ब्रश कटरचे वर्णन समाधानकारक आहे. मुळाशी अरुंद वर्तुळ म्हणजे पूर्ण रेसला मिश्रण योग्य आहे. ते वर्तुळ अजिबात नसते तर पेट्रोल कमी पडत आहे असे म्हटले असते, आणि काजळी नाकावर अर्ध्यापर्यंत चढली असती तर जास्त होत आहे असे. पट्टीवरची रंग बदलण्याची रेघ वाकाच्या आसपास असावी. ती पट्टीच्या टोकाकडे सरकलेली असती तर प्लग फार थंड, आणि पट्टी कवचाला जिथे जोडलेली असते तिथपर्यंत उतरली असती तर फार गरम. दोन-तीन आटे काळवंडणे हेही त्याच्याशी जुळते. म्हणजे ७ क्रमांक तुमच्या मशीनला बरोबर आहे आणि दोष सायलेन्सरची जाळी आणि तेल यांचा होता. गड्याला एवढेच सांगा की बुंध्याजवळचे हळू काम झाले की प्रत्येक वेळी मोकळ्या जागेत मिनिटभर पूर्ण रेसने कापावे. टोकावर बसलेले तेल तेवढ्यात जळून जाते.

पंपाची गोष्ट मात्र गंभीर आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत कृपया वापरू नका. ठिपके कसले आहेत ते भिंगातून पाहा. काळे, बोटाने पुसले जाणारे कण काजळीचे असू शकतात. चकाकणारे, चंदेरी कण असतील तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे, वितळून प्लगवर उडालेले. पांढरे नाक, आपोआप वाढणारी रेस आणि बटण दाबल्यावर लगेच न थांबणे, या तिन्ही खुणा एकत्र आल्या की इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढत आहे असेच मानावे. थंड प्लग घातला तर नाकाचा रंग कदाचित सुधारेल, पण पिस्टनला मिळणारे मिश्रण तितकेच पातळ राहील. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलाबरोबरच येत असल्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि इंजिन सीझ होईल, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकेल, त्या वेळी प्लग मात्र छान बदामी दिसेल.

तपासणी टाकीपासून सुरू करा. टाकीतला फिल्टर तुंबला आहे का, पेट्रोलची नळी वाकवल्यावर तिला बारीक चिरा दिसतात का, टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे का. झाकण सैल केल्यावर इंजिन सुधारले तर श्वासछिद्राचाच दोष आहे. मग कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधला काळा ठोकळा, त्याच्या दोन्ही बाजूंचे पॅकिंग आणि स्क्रू. आयडलिंगवर त्या सांध्यांवर थेंबभर तेल सोडले आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर हवा तिथूनच आत जात आहे. एवढे करूनही सापडले नाही तर क्रँकचे ऑइल सील, विशेषतः फ्लायव्हीलच्या बाजूचे. ते काम मात्र मिस्त्रीकडे द्यावे.

उत्तर ४: जुनी टू-स्ट्रोक, पुणे

पांढऱ्या प्लगसंबंधी इंधनाची बाजूही लक्षात घ्यावी असे मला वाटते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला फक्त ९ च्या आसपास, आणि २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. जेट ठरावीक मापाचे असलेल्या लहान कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो आणि इंजिनाला ते सुमारे ८ टक्क्यांनी कमी पडते. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. ज्यांच्या कार्बोरेटरला पूर्ण रेसच्या मिश्रणाचा एच लिहिलेला स्क्रू आहे, त्यांनी तो किंचित उघडून पाहावा. भार नसताना पूर्ण रेसला इंजिन थोडे अडखळत, घरघरल्यासारखे फिरावे आणि गवतात पाते शिरताच तो आवाज स्वच्छ व्हावा, ही जुळवणी सुरक्षित असते. भार नसतानाच आवाज किंचाळल्यासारखा धारदार येत असेल तर स्क्रू अजून उघडायला हवा.

जुन्या तक्त्यांतल्या रंगांवरही आज फार विसंबू नये. ते तक्ते शिशाच्या पेट्रोलच्या काळातले आहेत; आपल्याकडे देशभर बिनशिशाचे पेट्रोल २००० साली आले आणि तेव्हापासून नाकावर तो गडद कॉफीसारखा रंग चढायला फार वेळ लागतो. टू-स्ट्रोकमध्ये तर नाकाच्या टोकाचा रंग बराचसा तेलावर ठरतो, एका कंपनीचे तेल बदामी रंग देते तर दुसऱ्याचे राखाडी. म्हणून मुळाशी असलेले वर्तुळ पाहण्याची वर सांगितलेली रीतच अधिक भरवशाची आहे.

मिश्रण केलेले पेट्रोल कॅनमध्ये फार दिवस ठेवू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढते, आणि कोकणातल्या हवेत ती भरपूर असते. पाणी वाढले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात, वर उरलेल्या पेट्रोलमध्ये तेल राहते, आणि टाकीतली नळी तळाचे बिनतेलाचे पाणी आधी ओढते. आठवड्याच्या कामापुरतेच मिश्रण करावे आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे.

उत्तर ५: सुट्या भागांचे दुकान, सांगली

प्लग बसवण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. डबीतून काढलेल्या नव्या प्लगचा गॅप बरोबरच असेल असे समजू नका, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून तपासा. या मापाच्या मशीनांना सहसा ०.५ ते ०.७ मिमी लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. मधल्या इलेक्ट्रोडला किंवा पोर्सेलीनला पक्कड लावली तर नाकाला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते.

प्लग आधी हातानेच पूर्ण बसेपर्यंत फिरवावा, मग नव्या वॉशरचा असेल तर पान्याने सुमारे अर्धा फेरा आणि वापरलेला असेल तर फेऱ्याचा बारावा भाग. आट्यांना ग्रीस लावू नये; त्याने पाना हलका फिरतो आणि ॲल्युमिनियमचे आटे नकळत जास्त ताणले जातात. काजळलेला प्लग पेट्रोलमध्ये भिजवून दात घासायच्या जुन्या ब्रशने स्वच्छ करावा. तारेच्या ब्रशने घासले तर पोर्सेलीनवर धातूच्या रेघा उमटतात आणि ठिणगी त्यांच्यावरूनच निसटते. गॅरेजमधल्या वाळूच्या मशीनने साफ केलेल्या प्लगमध्ये नाकाच्या खोबणीत वाळूचे कण अडकून राहतात आणि पहिल्याच सुरुवातीला ते सिलिंडरमध्ये पडतात. लहान मशीनसाठी तसा साफ केलेला प्लग मी कोणालाच देत नाही. आणि जुना प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतालची माती, गवताचा चुरा फुंकून किंवा ब्रशने झाडून टाकावा, नाहीतर प्लग निघताच तो सगळा कचरा त्याच भोकातून आत जातो.